दुर्गाघाटचा गाडलेला वॉल्व

अरे, आमच्या वैदेहीचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझी चुलतबहीण, पाणीखात्यात इंजिनियर आहे. दुर्गाघाटला आमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर पाणी चढेना, तेव्हा तिने घरोघरच्या नळांचा जोर मोजून अख्ख्या मोहल्ल्यातल्या पाइपांचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं. मग गल्लीत येऊन म्हणाली, "हिशेब एकाच जागी जुळत नाही. या फरशीखाली अर्धा बंद वॉल्व असणार."

म्हातारे फिटर रामजी भडकलेच. "बिटिया, तीस साल से यहाँ के पाइप देख रहा हूँ. यहाँ कोई वॉल्व नहीं है."

वैदेही शांतपणे म्हणाली, "खोदून बघू. नाही निघाला तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

कंबरभर खोदल्यावर गंजलेला वॉल्व निघाला, अर्धा बंद. तो उघडला आणि थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून आई ओरडली, "आलं रे, पाणी आलं!"

लोक कॉम्प्युटरचं कौतुक करायला लागले. रामजी मान खाली घालून उभे होते. तेव्हा वैदेही मोठ्याने म्हणाली, "कॉम्प्युटरला काय ठाऊक? कुठल्या नळाला किती जोर आहे, ते माझ्याबरोबर घरोघरी फिरून रामजींनीच दाखवलं."

रामजींनी कुदळ उचलली. "तो बताओ बिटिया, अब कहाँ खोदना है?"