बायकोच्या व्हिसावर

आखातातल्या अल कुसैसच्या व्हिसा सेंटरमधल्या टीव्हीवर इंग्लंडची दिवंगत राणी चालत होती, मागे तिचा नवरा. नंबरची वाट बघत बसलेल्या पर्णिकाच्या पाठीमागच्या बाकावर एक जोडपं कुजबुजत होतं.

“बघ, सुलक्षणा! जन्मभर दोन पावलं मागे.”

“अहो, राणी होती ती.”

“नौदलातली नोकरी सोडली बिचाऱ्यानं.”

“झालं तुमचं सुरू! तुम्हाला कुणी सोडायला लावली?”

“इथं बायकोच्या व्हिसावर नोकरी धरायची तरी तिची एनओसी लागते!”

“दिली की लगेच!”

“तेच तर. तू दिलीस!”

“खलास! नंबर आला. आज तुम्ही व्हा पुढे.”

पर्णिकाच्या शेजारून तो ताठ मानेनं काउंटरवर गेला.

“सर, आप पीछे. स्पॉन्सर मॅडम आगे.”

सुलक्षणा पुढे झाली.

“अहो, पर्स धरा जरा.”