बाबांच्या हातातला झेंडा

—टाके घाला हो तुम्ही, मावशी, भूलबिल काही नको, भुवईच फाटलीय, मान नाही मोडलेली. मान मोडलीय ती मातेव्झची — नाही? मग हेलिकॉप्टर कशाला आलं? साध्या तंगडीसाठी ल्युब्लानाच्या मोठ्या इस्पितळात उडवून नेतात का कुणाला? बरं, राहू दे, सांगू नका. आणि कुणी विचारलं तर मी पायऱ्यांवरून पडलो. बर्फ होता, बूट कडक, पडलो. झालं.

मान काय हलवताय? बाबा बोलले होय तुमच्याकडे? घ्या! झेंड्याच्या काठीने हाणलंय मला, सख्ख्या बापाने. मीही काही पाया पडत नव्हतो म्हणा, चार ठेवून दिल्या. का म्हणजे? अख्खा हिवाळा स्कीवरच्या उड्यांत मी पहिला आहे, मावशी. कुल्म, विकरसुंड, ओबर्स्टडॉर्फ — सगळीकडे नॉर्वेवाल्यांची जिरवली, आणि शेवटी इथे, प्लानिकात, आपल्या दारात, चषक घरी आल्यातच जमा होता. वर, घसरणीच्या माथ्यावर, सुटायच्या दांडीवर बसलो. दिवा हिरवा झाला. खाली मचाणावर बाबा उभे, आमचे प्रशिक्षक. त्यांनी झेंडा खाली केला की सुटायचं, पोरगा होतो तेव्हापासून हेच — तर झेंडा वरच! वेळ संपली, हिरव्याचा लाल झाला, उडी गेली, चषक गेला. का, तर वारा होता म्हणे. तुझ्या आईला काय तोंड दाखवू म्हणे. मी मेल्यावर दाखवायचं ना तोंड, जिवंत असताना कसली घाई!

माझ्या मागे मातेव्झ. आमच्याच आळीतला, बाप नाही त्याला, आमच्या घरी जेवून, बाबांना काका काका करत मोठा झाला. मी स्की खांद्यावर टाकून पायऱ्या उतरायला लागलो तर वरून चिडवतोय, "तुझे बाबा तुला जपतात रे, मी मोकळा!" मग त्याला हिरवा मिळाला, झेंडा खाली आला, आणि सुटला तो. तोच वारा, मावशी, तोच! डावी स्की उचलली गेली, हवेतच उलटा झाला आणि पाठीवर आपटला. तो आवाज — खाटकाकडे हाड फोडतात ना, तसा. मग तळापर्यंत घसरत गेला, मागे बर्फावर लाल पट्टा. लोक म्हणतायत, स्वतःच्या पोराला जपलं आणि दुसऱ्याच्या पोराला मरायला सोडलं. म्हणणारच. बाबाही पंचांपुढे तेच बोलले. "झेंडा मी खाली केला, चूक माझी." बस, एवढंच.

आई गं — हळू ओढा की दोरा! काय? तोंडातलं रक्त? थुंकतो. नाही, दात शाबूत आहेत, जीभही. मग कुणाचं म्हणजे — मघाशी तुम्हीच बांधलंत ना बाबांचं मनगट? मग विचारता कशाला? अहो, सोडतच नव्हते काठी! मातेव्झला वाऱ्यापायी बसवून ठेवला होता, तेवढ्यात मी बाबांच्या मचाणावर चढलो, म्हटलं द्या तो झेंडा इकडे, मोडून चुलीत घालतो. माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत, हात वर, डोळे वाऱ्यावर. दिवा हिरवा झाला तरी हात वरच. म्हणाले, "थांब, मातेव्झ बसलाय वर. त्यालाही नाही सोडायचं मला." त्यालाही! मी पोटात गुद्दे घातले, तोंडावर घातले, नाकातून रक्त आलं, म्हातारा खांबासारखा उभा. मग चावलो. कडकडून चावलो, हाड लागेपर्यंत. तेव्हा कुठे खाली आला —

हात. हात म्हणतोय मी, हात खाली आला.

काठी नंतर मारली त्यांनी. आधी वळून वर बघितलं. मीही बघितलं. दांडी रिकामी होती.

थांबलात का? शिवा ना. असं बघू नका माझ्याकडे, मावशी, पायऱ्यांवरून पडलो मी, सांगितलं ना एकदा. बाहेर कोण ओरडतंय? मातेव्झची आई? खुनी म्हणतेय ती... बाबांना. आणि ते बसलेत तसेच, खाली मान घालून. खरं काय ते सांगणारही नाहीत, मला माहितीये.

पुरे झाले टाके. जा तुम्ही. आणि ते दार लावून घ्या. मावशी, लावा म्हणतो ना दार.