माटवाचा खांब

माझं घर पेडण्यात, मोपाच्या सड्याखाली. बापूस शेतकरी, मीही जमीनच खणतो पण पेरत काय नाही, तुटलेली केबल शोधतो. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं हा येतो, बटण दाबतो, झालं. मशीन केबलीतल्या काचेत उजेड सोडतं आणि कुठवर जाऊन तुटलंय ते सांगतं, खरं आहे, पण वाटेत जमिनीतल्या चेंबराचेंबरात जास्तीची केबल गुंडाळून ठेवलेली असते, ती मनात वजा करत उन्हातून चालायचं आम्हीच.

त्या दिवशी तुळशीचं लग्न, आणि डिचोलीकडच्या एका वाड्यावरची इंटरनेटची लाईन गेली. मी वजाबाकी करत चाललो तो थेट शांताकाकीच्या अंगणात. काकी विधवा, एकुलता एक मुलगा दिगू बोटीवर नोकरीला. बघतो तर तुळशीपुढच्या माटवाचा, मांडवाचा, खांब नेमका केबलीवर, सकाळीच लोखंडी पारय मारून पुरलेला. खाली जांभा दगड, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी केबल वरवरच पुरलेली, मग काय होणार.

काकी म्हणाली, बाबा, लाईन केन्ना येतली, दिगूची बोट रातीक बंदर सोडतली, मगे दर्यात फोन लागाचो नाय, तेका लगीन दाखवूचा आसा. मी म्हटलं, काकी, तुझ्याच खांबान तुटली गे. खांबाला हळदकुंकू लागलेलं, आणि त्या वाड्यावर पुजलेला खांब लग्न लागेपर्यंत जागेवरून हलवत नाहीत. शेजारणी म्हणाल्या, नको गे, दिगूक फुडल्या वर्सा दाखव. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मग काकी पदर खोचून म्हणाली, खांब जाग्यावरच रवतलो, आमी धरतांव, तू खाल खण.

आणि धरला हो. काकी आणि त्याच शेजारणी, खांब जागच्या जागीच हातांवर उचलून उभ्या, त्यांच्या पायांमधून मी खणतोय, चेंबरातली केबल ओढून घेतोय, पाटावर जोडायचं मशीन मांडून केसासारखी ती काच एकेक जोडतोय, आणि वरून चाललंय, झाला काय रे, झाला काय रे. भट ओसरीवर चहा पिऊन पेंगायला लागला.

दिवेलागणीला लाईन आली. मी खड्डा बुजवलाही नव्हता, तोवर फोनात दिगू दिसला. आई, खांब कित्याक धरलंस, विचारतो. काकी म्हणाली, वारो आसा रे, माटव हालता. तशीच धरून उभी राहिली, लग्न लागेपर्यंत. मला रडूच आलं.

आता दरवर्षी पहिलं आवतण मला, भटाच्याही आधी. पारय खंय मारू ता सांग, म्हणते काकी. तिला पारय उचलवत नाही हल्ली, मीच मारतो, केबल चुकवून. दिगू फोनातून बघतो. पोर सुखी रवांदे, लाईन चालू रवांदे.