बुराक शिवलो कोणी?

(पेडण्याच्या बाजारातलं कृष्णनाथ सोनाराचं दुकान. प्रतीक्षाच्या मांडीवर कान टोचायला आणलेली तिची लेक गौरवी. शेजारी सासू सत्यवती, दोन्ही तळवे नातीच्या कानांवर दाबून.)

सत्यवती : तार ठेव थंय, शेट. आधी ही सांगूंदे माका. बुराक शिवलो कोणी?

प्रतीक्षा : कुणीच नाही, मांय. आपला आपण बुजला. दवाखान्यातून इथवर रिक्षात तेच सांगत आले की हो मी.

सत्यवती : माझ्या साडयेक बुराक पडलो तर बुजता आपसून?

प्रतीक्षा : साडी वाढत नाही. गौरवी वाढते.

कृष्णनाथ : कसलो बुराक गो वयनी? मी अजून टोचलंय खंय?

प्रतीक्षा : कानाचा नव्हे, शेट. जन्मली तेव्हा हिच्या काळजात बारीक भोक होतं. तेव्हापासून मांयनी हिला रडू म्हणून दिलेलं नाही. बारशाला तुम्हाला दारातूनच परत नाही का पाठवलं?

कृष्णनाथ : पाठयलां! वर हातार पेढो ठेवलो. म्हणाली, हो खा आणि चल.

सत्यवती : मगे? चेडू रडलां तर काळीज धडधडता. धडधडलां तर बुराक फाटता.

प्रतीक्षा : रडण्यानं फाटत नाही, असं डॉक्टरीणबाई पहिल्या दिवसापासून सांगतायत.

सत्यवती : ती रातभर मांडयेर घेऊन बसली नाय हिका. मी बसलंय.

कृष्णनाथ : पण काळजात भोक आणि चेडू इतक्या गुटगुटीत?

प्रतीक्षा : बारीक होतं म्हणून. मांय, हिची मूठ बघा. तेवढंच हिचं काळीज. आत चार खोल्या, वर दोन, खाली दोन. उजवीकडून रक्त फुप्फुसात जातं, वारा घेतं आणि डावीकडे येतं. मग डावीकडची खालची खोली ते अंगभर ढकलते. तिच्या भिंती सगळ्यांत जाड.

सत्यवती : जाड कित्याक?

प्रतीक्षा : पार पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतंय ना! उजवीकडच्या शेजारणीला काय, फुप्फुस हाताशी. भोक होतं ते ह्या दोघींच्या मधल्या भिंतीत. जाडीनं जोर लावला की थोडं रक्त शेजारणीकडे जायचं.

सत्यवती : म्हणजे आमच्या वाड्यार चलता तसां. आमटी रांदपाची एका घरात, वाटी दुसऱ्या घरात.

प्रतीक्षा : अगदी तसंच. आणि भोकातून रक्त घुसताना आवाज व्हायचा, फुस्स फुस्स. डॉक्टरीणबाई नळी लावून तोच ऐकायच्या.

सत्यवती : नळी कित्याक व्हयी? माका तसोच आयकू येयी. छातीर कान लावन निजतंय मगे मी.

प्रतीक्षा : मग आता येतो का?

कृष्णनाथ : सांग गो वयनी, येता काय?

सत्यवती : चवथीपासून येना.

प्रतीक्षा : चतुर्थीपासून? आणि बोलला नाहीत?

सत्यवती : काय बोलू? माका वाटलां, माझे कान गेले. म्हातारी भयरी जाली म्हणून सगळी हसतली.

प्रतीक्षा : म्हणून टीव्ही एवढा मोठ्यानं लावत होता? आम्हाला वाटलं, आमच्यावर राग काढताय!

सत्यवती : तपासूक लावी गो. आवाज येता काय नाय तां.

कृष्णनाथ : आणि शेजाऱ्यांक फुकट तियात्राचो खेळ!

प्रतीक्षा : अहो मांय, तुमच्या कानांना काय धाड भरलीय! भिंतीचं मांस वाढत गेलं, कडा जवळ आल्या, रक्ताला वाटच राहिली नाही. वाट नाही, तर फुस्स कुठलं? आज डॉक्टरीणबाईंना मशीनवर दिसलं ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. फक्त दोष स्वतःच्या कानांना दिलात.

सत्यवती : खरां?

प्रतीक्षा : इथंच ऐका. लावा कान.

सत्यवती : शेट, ती हातोडी थांबय जरा. ... गुदगुल्यो जातत हिका. हलू नको गो बाय. ...

प्रतीक्षा : काय येतंय?

सत्यवती : धब-धब. धब-धब. दारां लागतत तशीं.

प्रतीक्षा : दारंच आहेत ती. रक्त पुढं गेलं की मागची मिटतात, परत येऊ नये म्हणून.

सत्यवती : फुस्स नाय गो. मदीं कायच नाय.

कृष्णनाथ : मगे वयनी, हात काढतलंस कानांवयले? का आणि एक पेढो दितलंस माका?

सत्यवती : काढलंय. एक बुजलो, आता दोन पाड. आणि बरोबर मदीं पाड, नायतर तुका बघून घेतलंय.

कृष्णनाथ : धर गो सूनबाय, डोक्या घट्ट धर. हां... एक. हो बघ, दुसरो. जालां!

प्रतीक्षा : अगं अगं... बाळा... मांय, रडतेय हो. केवढ्यानं रडतेय! घ्या ना तिला.

सत्यवती : राव जरा. आयकूंदे. हिचो बापूस, माझो रुद्रेश, ल्हान असताना असोच रडायचो.