उरलेला भाग मिळेल का?

…नाहीच म्हणे! पुढचा भाग नाहीच! अहो, तुम्हाला सांगतो, कुकर-मिक्सरचे सुटे भाग विकण्यात माझा जन्म गेला, झाकण आणा, पातं आणा, नुसता तुटका दांडा आणा, उरलेलं मी देतो, आणि त्या जुन्या ग्रीक-लॅटिन साहित्याच्या वर्गात मला सांगतात, नाटकाचा पुढचा भाग नाही!

आता मी कशाला तिथे कडमडलो? वर्ग हिचा हो, माझ्या बायकोचा. पोरं मार्गी लागली आणि या वयात हिनं ते वेड घेतलं. दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, मी जेवत असताना त्या लोकांची एकेक गोष्ट सांगायची, आणि मध्येच, ‘पाश्चात्त्यांची नाटकं, कोर्टातली भाषणं, चौकातले पुतळे, सगळ्याचं मूळ ह्यात आहे बरं का, तुमच्या वॉशरांत नाही.’ मी म्हणायचो, बरं, पुढे काय झालं?

तर शेवटची गोष्ट… नावाडी समुद्रात हरवलेला, बायको रोज किनाऱ्यावर, एक दिवस नाव येते, आत तोंड झाकलेला माणूस, तो फडकं बाजूला करणार… आणि हिनं डबा आवरला! वर्गाला उशीर होतोय म्हणे. ‘उद्या सांगते. शेवट ऐकलात ना, की शटर ओढून माझ्याबरोबर घरी याल.’

उद्या कुठला हो… पहाटे हिच्या छातीत कळ आली, डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं.

पुढे काय झालं, कुणाला विचारू? गेलो वर्गात, बसलो हिच्याच बाकावर. पोरं मला आजोबा म्हणतात, नावं जिभेवर बसत नाहीत, आणि त्यांचे देव म्हणजे नुसती भाऊबंदकी! पण चिकटून राहिलो. एकदाचं नावाड्याचं नाटक आलं. बाई वाचतायत, नाव आली, माणूस आला, फडक्याला हात घातला… आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

मी उभाच राहिलो. पुढे काय झालं?

‘काका, एवढाच तुकडा उरलाय, बाकीचं केव्हाच नष्ट झालं. काकूंना ठाऊक होतं.’ मग पुस्तक पिशवीत ठेवत, ‘म्हणाल्या होत्या, ह्यांना अर्धवट वस्तू बघवत नाही, म्हणून शेवट मीच जुळवलाय.’

तुम्हाला सांगितला? म्हटलं. तर नाही. आधी ह्यांनाच सांगणार, म्हणाली होती.

म्हणजे बघा… तो भाग जगात एकाच ठिकाणी मिळत होता.

काल एक जण जुनाट मिक्सर घेऊन आला, त्याचं पातं हवं म्हणे. पूर्वी असल्या भागासाठी मी चार बाजार पालथे घातले असते. म्हटलं, नाही मिळत हो, बनवणारेच गेले. तर म्हणतो कसा, ‘मग शेठ, या अर्ध्याचं मी करू काय?’

म्हटलं, ठेवा घरात. मीही ठेवलंय.