कॅम्पसाठी जुना शर्ट

हसू नका, पण घरात जुने कपडे नाहीत म्हणून माझं कॉलेज अडलं होतं. वर्ग सुरू व्हायच्या आधी चार दिवस नोएडाच्या पलीकडे एका गावात कॉलेजचा सक्तीचा श्रमदानाचा कॅम्प होता. शाळेच्या आवारात खड्डे खणायचे, झाडं लावायची. पत्रात ठळक लिहिलं होतं, जुने कपडे आणा, नाहीतर कामाला घेणार नाही.

आईने कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. घरातलं जुनं ते सगळं बर्तनवालीला देऊन तिने स्टीलचे डबे घेतले होते.

"आता गं?" मी विचारलं.

"आता काय, चल सरोजिनी मार्केटला."

तिथे फुटपाथवर जुन्या शर्टांचा ढीग होता. आईने एक उचलला, कॉलर उलटी केली आणि बघतच राहिली. आत निळ्या दोऱ्याचं रफू होतं.

"भैया, ये रफू तो मैंने किया है."

"क्या बात करती हो बहनजी, फॉरेन का माल है."

"फॉरेन का? ये हमारे मिस्टर का है!"

तो ऐकेना. शेवटी आईने घरचाच शर्ट विकत घेतला. घरी मी तो बॅगेत भरणार, तेवढ्यात बाबांनी तो हातातून ओढला.

"अरे, सापडला का! दोन महिने शोधतोय. ही म्हणत होती, धोब्याने हरवला."

आईने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेची चेन लावायला लागले.

सोमवारी बाबा तो शर्ट घालून ऑफिसला गेले, आणि मी कॉलेजसाठी शिवलेला नवाकोरा सलवार-कमीज घालून खड्डे खणायला.