बोम्मसंद्र्याचा एक मीटर

– नाही, कॉफी नाही मिळणार. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाट बघायला नको. या घरातून कुणाला कॉफी न देता घालवलं नाही कधी, अहल्या – माझी बायको – असती तर तिनं दोनदा विचारलं असतं, पण ती नाही – आणि तुम्ही काही पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत, रक्षिताबाई. तुम्ही दार लावायला आलात. लावून आलात, असं म्हणू. अकरा वाजता मी बसलो, पासवर्ड टाकला, बरोबर टाकला, आणि पडद्यावर काय? तुमच्या आयपी ॲड्रेसला परवानगी नाही. माझ्या घराला! ज्या भूजल संस्थेत मी एकतीस वर्षं काढली, तिच्यातल्या जुन्या विहिरींच्या नोंदी कुणी गोळा केल्या? मी केल्या. आणि तासाभरानं तुम्ही इथं यशवंतपुरात, हातात कागद घेऊन, ‘सर, सही करा.’ पत्र आधी द्यायचं असतं, दार नंतर लावायचं असतं. इतकं तरी शिकवलं असेल तुम्हाला कुणी.

हो, समजलं मला, समजलं. वेअरहाऊस. आकडे साठवायचं, क्लाउडवरचं. यादी केलीय तुम्ही – कोरमंगल्याच्या ऑफिसातून येईल तोच आत, बाकी जगाला बंदी, घरून नाही, मोबाइलवरून नाही. छान. आमच्या मागच्या मंडीत कांद्याचं वेअरहाऊस आहे, तिथला हमालसुद्धा माणसाचं तोंड बघून आत सोडतो. तुमचं यंत्र तोंड बघत नाही, पत्ता बघतं. कोरमंगल्यातला कालचा पोरगा चालेल, यशवंतपुरातला म्हातारा नको. तसं असू दे. पण तुम्ही त्याला सुरक्षा म्हणता ना, तेव्हा मला – जाऊ दे. मी जरा रागात बोलतोय. रागात बोललो की मी चुकतो, हे मला ठाऊक आहे. पण न रागावता बोललो तरी चुकतोच, मग रागावून का नको?

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. ‘बोम्मसंद्र्याचं पाणी एक मीटर वर आलं.’ हं. आणि ते या घराच्या पत्त्यावरून आलं. म्हणजे मी चोर. तसं म्हणाला नाहीत, पण कागदात लिहिलंय, ‘अनधिकृत बदल’. आणि तिथल्या कारखानदारांचा खटला चालू आहे, त्या जुन्या वर्षांत पाणी किती खोल गेलं यावर सगळा निकाल, आणि नेमकं पाणी वर आलं – म्हणजे म्हाताऱ्याला कुणीतरी काहीतरी दिलं असणार. असंच वाटतं ना यशोवर्धनला? तुमच्या साहेबाला? त्याची परीक्षा मीच घेतली होती, तोंडी. भीतीनं त्याला पाणी मोजायचं सूत्र आठवेना. मी पास केलं. चूक केली. आणि एक सांगतो, वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, रणजीत, तो माझंच वाय-फाय वापरतो. पासवर्ड तिथं कॅलेंडरवर लिहिलाय, या घरात किल्लीसुद्धा शेजारी ठेवून जायची पद्धत. जगाच्या हिशेबी तो आणि मी एकाच पत्त्यावरचे. तेव्हा त्यालाही विचारा. मलाच का?

नका बघू असं. रणजीत नव्हे. तो बिचारा क्रिकेट बघतो. मीच.

मी बदललं. आणि बदल नव्हे तो, दुरुस्ती आहे. म्हणून तर म्हणतो, जुनं परत आणू नका. तुम्ही मघाशी सहज म्हणालात, काळजी नको सर, नव्वद दिवसांपर्यंतची जुनी अवस्था तिथं जपलेली असते, कुठल्या तारखेचं हवं ते परत आणता येतं. काळजी हीच आहे माझी. जुनं चूक आहे. माझंच जुनं. चौऱ्याण्णव सालापर्यंत आलोय मी, आता पंच्याण्णवचं एकच वर्ष उरलंय, तेवढ्यापुरतं माझ्या घराचं नाव यादीत घाला, मग हवं तर कायमचं काढा. किती दिवस झाले म्हणता? मागच्या आठवड्यापासून. सांगितलं ना. मागच्या आठवड्यापासून.

तो टेप बघा, टेबलावरचा. घ्या हातात, चावत नाही. पोलादी, पन्नास मीटर. माळा साफ करताना सापडला. सत्त्याऐंशी ते पंच्याण्णव, बोम्मसंद्र्याच्या अकरा विहिरी, दर महिन्याला एकदा, सगळं याच टेपनं मोजलेलं. आता त्याचं टोक बघा. पहिला आकडा कुठला दिसतो? एक. शून्य नाहीच. पहिला मीटर तुटून गेलाय, आणि कडा गंजलीय, म्हणजे फार पूर्वीच तुटलाय. टोकाला एक, म्हणजे जिथं वीस वाचलं तिथं खरं एकोणीस. कळलं? नऊ वर्षं मी जगाला एक मीटर जास्त खोल सांगत आलो. त्या आकड्यांवर प्रबंध झाले, त्यावर आता माणसं कोर्टात भांडतायत. त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो आणि प्रत्येक आकड्यातून एक वजा करायला लागलो. एकेक. कुणाला सांगितलं नाही, कारण – काय सांगणार? की तुमचा डॉक्टर हयवदन टोक तुटलेल्या टेपनं मोजत होता? आणि खरं सांगू, कधी कधी दुसऱ्या दिवशी आठवत नाही, ही विहीर झाली की राहिली. काहींतून दोनदा वजा झालंय की काय, अशी शंका आहे. पडताळायला नोंदवह्या नाहीत. संस्थेनं इमारत बदलली तेव्हा रद्दीत गेल्या. म्हणून मला आत जायचंय. एकदा सगळं शांतपणे बघायचंय.

माझ्या मदतनीसाला, सुब्बारावला, विचारा म्हणता? कुठनं विचारू? बारा वर्षं झाली त्याला जाऊन. टेप तोच सोडायचा. मी स्कूटरजवळ उभा राहायचो, वही घेऊन. आता तुम्हाला सांगायला काय हरकत – मला विहिरीत डोकवायची भीती वाटायची. भूजलाचा डॉक्टर, आणि विहिरीच्या काठाला जात नव्हता. सुब्बाराव हसायचा नाही कधी. नुसता म्हणायचा, ‘नीवु बरकोळ्ळि सार’ – तुम्ही लिहून घ्या. आणि तिथनं ओरडायचा. टेपच्या खालच्या टोकाला खडू फासून सोडायचा, वर काठाशी धरायचा, मग ओढून घ्यायचा, आणि ओरडायचा – अजून आवाज कानात आहे – ‘मेले मूवत्तु, केळगे एरडूवरे!’ वर तीस, खाली अडीच. मी लिहायचो साडेसत्तावीस. ‘मेले मूवत्तु, केळगे’ –

थांबा स्वल्प.

दोन आकडे का ओरडायचा तो?

वर काठाशी तीसची खूण. खाली खडू जिथपर्यंत भिजला तिथं अडीचची खूण. तिसातून अडीच गेले. टोक कुठं आलं यात? टोक – टोक तर पाण्याच्या आत आहे. टोकाला शून्य असो, एक असो, नाहीतर टेपच तिथनं तुटलेला असो, भिजल्याची खूण आणि काठाची खूण, दोन्ही त्याच टेपवरच्या, मधलं अंतर तेच. टोक मोजतच नाही कुणी. म्हणून तर खडू लावतात. अय्यो. हे मी वर्गात शिकवत होतो. तीस वर्षं, फळ्यावर आकृती काढून – टेपचं टोक झिजलं तरी मोजमापाला धक्का लागत नाही, हाच या पद्धतीचा फायदा, लिहून घ्या. यशोवर्धनला हेच सूत्र आठवलं नव्हतं तोंडीला. हेच.

बोलू नका. तो टेप द्या इकडे.

जुनं बरोबर होतं. सुब्बाराव बरोबर होता. नऊ वर्षं त्यानं उन्हात उभं राहून बरोबर मोजलं, आणि मी पंख्याखाली बसून त्याचं सगळं – एकेक आकडा. काहींचा दोनदा. आणि उद्या कोर्टात कुणी म्हणेल, बघा, तेव्हाही पाणी तर वर होतं, काढा अजून. माझ्या सहीनं.

आणा. परत आणा जुनं. उघडा तुमचा लॅपटॉप, आत्ता, माझ्यासमोर. उघडा ना. काय झालं? तुम्हालाही नाही म्हणतंय? – हो. हो, बरोबरच. तुम्ही माझ्या घरात बसल्या आहात. तुमचा मोबाइलही यादीत नाही. मग यशोवर्धनला फोन – विमानात? दुपारभर? आणि जुनं परत आणायचा अधिकार तुम्हा दोघांनाच, तेही ऑफिसातूनच, हा तुमचाच नवा नियम. चांगला नियम आहे. नाही, टोमणा नाही मारत. चांगला आहे. आधी केला असता तर बरं झालं असतं.

घाई नाही म्हणताय? उद्या सकाळी ऑफिसात जाऊन आरामात करू? अम्मा, बस जरा. ऐक. मी मागच्या आठवड्यापासून म्हणालो, ते खरं नाही. तुम्ही एकाच महिन्याचं बघितलंत म्हणून मला वाटलं, चालून जाईल, लाज वाटत होती. माळा साफ केला तो संक्रांतीला. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तिळगूळ, ठेवायचा डबा शोधत होतो, अहल्याचा, आणि हा टेप हाताला लागला. दुसऱ्या दिवशी बसलो. सोळा जानेवारी. चार वाजता, मागच्या मंडीचा भोंगा नुकताच झाला होता. आज काय तारीख?

सोळा एप्रिल. मोज. मोज, मला माझ्या मोजण्याचा भरवसा नाही.

नव्वद. म्हणजे चार वाजल्यापासून पहिल्या दिवशी बदललेल्यांचं जुनं पुसलं जायला लागेल, मग दुसऱ्या दिवसाचं. आणि त्याची दुसरी प्रत या जगात नाही.

किती वाजले? पावणेएक. मेट्रोनं जा, ऑटोनं नको, सिल्क बोर्डच्या गर्दीत अडकशील. सोळा जानेवारीचंच आण, पण दुपारी चारच्या आधीचं, नंतरचं नको. कागद दे इकडे, सही करतो – ‘अनधिकृत बदल’, सरी, ठीक आहे, तसंच असू दे, खोडू नको. आणि माझ्या घराचा पत्ता यादीत परत घालू नकोस. मी फोन करीन, रागावीन, ओळख सांगीन, यशोवर्धनच्या परीक्षेची आठवण करून देईन – घालू नकोस.

चपला तिकडे आहेत. ऊठ. पाणी ऑफिसात पी. जा.